जानूची अर्धी विडी

दातिवऱ्याचा दामू तांडेल ऐन उमेदीत शंख फुंकायचा तेव्हा खाडीपलीकडच्या अर्नाळ्यात बायका तव्यावरची भाकरी उलटायला विसरायच्या आणि केळव्याची कुत्री तोंड वर करून रडायची म्हणे. सांगणारे दातिवऱ्याचेच, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंसुद्धा एका छातीला पुष्कळ झालं. धुक्यात वाट चुकलेल्या होड्या त्या आवाजाच्या रोखाने घरी यायच्या. एकदा तर एक गुजराती गलबत वाळूला लागलं आणि त्याच्या तांडेलाने उतरून हात जोडून विचारलं, देऊळ कुठं आहे?

त्या छातीला आता घरातली चिमणी एका फुंकरीत विझवता येत नव्हती.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि काळ्यावरचा पांढरा ठिपका बोटाने दाखवला. उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, कागदी लिंबाएवढी गाठ. मुंबईच्या सर्जनने सुई घालून तुकडा काढला होता. कॅन्सर होता, पण अजून पसरला नव्हता. उजवं फुफ्फुस अर्धं कापून काढलं तर माणूस वाचेल, असं त्यांचं म्हणणं.

"मंग कापा की," दामू म्हणाला.

"कापणं त्यांचं काम, दामूकाका. तुम्हाला कापण्याजोगं करणं माझं." बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "गाठ एकटी असती तर उद्याच पाठवलं असतं. पण तुमच्या अंगात तिच्या आधीचे भाडेकरू बसलेत."

भाडेकरू खरोखरच जुने होते. सगळ्यांत जुनी साखर. तिच्यामागून प्रेशर आलं. डाव्या पायाच्या अंगठ्याला कधीतरी कालवाची शिंप लागली होती, ती जखम साखरेच्या आसऱ्याने मुक्कामालाच राहिली. थंडीत दमा यायचा, तो पाहुण्यासारखा, पण जाताना काहीतरी घेऊन जायचा. साखर उतरली नाही तर टाके भरणार नाहीत. प्रेशर चढलं तर टेबलावरच घोटाळा. आणि छातीत दम नसेल तर अर्धं फुफ्फुस काढल्यावर उरलेल्या अर्ध्यावर माणूस जगायचा कसा?

"विडी बंद," बाई म्हणाल्या. "साखर बंद, सुकी मासळी बंद. सकाळी इन्शुलिनची सुई. आणि हे रोज फुंकायचं."

त्यांनी सलाईनची रिकामी बाटली पुढे केली. बाटलीत निम्म्यापर्यंत पाणी, पाण्यात रबरी नळी. नळीतून फुंकायचं आणि पाण्यात बुडबुडे काढायचे. जितके लांबवर निघतील तितकी छाती तयार.

"दम धरून फुंका. गाठ तुमच्यासाठी थांबणार नाही. महिन्याभरात छाती तयार झाली नाही, तर कापायची वेळ निघून जाईल."

दामूची बायको काशीबाई शेजारी मासळीची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. अर्धी वसई आणि अख्खं सफाळं तिच्याकडून सुके बोंबील घेई, आणि आजवर कुणी तिला भावात हरवलं नव्हतं. ती म्हणाली, "बाय, विडीचं मी बगते. याच्या नाकाला वास लावून झोपीन."

 दामू बाटलीतल्या पाण्याकडे बघत होता. कुणी फुंकलं नव्हतं, तरी तळातून एक बुडबुडा निघाला, वर आला आणि फुटला.

*

बुडबुड्यांशी दामूची ओळख जुनी होती.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे दिवे पहिल्यांदा लागले त्या वर्षीची गोष्ट. दामू आणि जानू एका होडीचे अर्धे-अर्धे मालक. अर्धी-अर्धी म्हणजे किती, तर विडीसुद्धा एकच पेटवायचे. पहिली अर्धी एकाने ओढायची, उरलेली दुसऱ्याने. वैतरणेच्या मुखाबाहेर समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते जाळं लावत. भर दुपारी, वारा पडलेला, पाणी तेलासारखं. जाळं खुंटाला अडकलं. त्या दिवशी पहिली अर्धी ओढायची पाळी दामूची होती. ती ओढून त्याने विडी जानूला दिली. जानूने ती ओठाला लावायच्या आधीच जाळं ताणलेलं पाहिलं, आणि विडी परत दामूच्या हातात दिली.

"धर. आलोच."

कोयता दातात धरून तो पाण्यात गेला. बुडबुडे आले. पुन्हा आले. मग एकच आला, मोठा, आणि फुटला. मग पाणी परत तेलासारखं झालं.

दामूने उडी मारली, गावाने जाळी टाकली, खाडी पिंजून काढली. जानू सापडला नाही. पिठाचा पुतळा करून त्याचं सगळं रीतसर केलं. पण दामूच्या दोन बोटांच्या मध्ये एक काळा डाग राहिला. जानूची अर्धी विडी त्याच्या हातात जळत जळत कातडीपर्यंत आली होती आणि त्याला कळलंच नव्हतं.

तेव्हापासून सोळा पावसाळे, रोज दिवस मावळताना दामू वाळूवर ओढलेल्या आपल्या जुन्या होडीपाशी जाई. विडी पेटवी. अर्धी ओढी, अर्धी होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाशी ठेवी. शेजारी बशीत चहा. गाव म्हणे, तांडेल जानूला हिशेब देतोय. पोरं त्या होडीवर चढत नसत. कावळाही तिथे बसत नसे. आणि ठेवलेली विडी, वारा असो वा नसो, शेवटपर्यंत जळत जाई. मध्येच लाल व्हायची, मध्येच मंद. कुणीतरी झुरके घेतल्यासारखी.

*

दामूने विडी सोडली, हे खरं. काशीने शपथ घातली आणि त्याने मोडली नाही. सकाळची गेली, जेवणानंतरची गेली, जाळं विणतानाची गेली. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पिऊ लागला. सुकट बंद झाली. कोळ्याच्या घरात सुकट बंद म्हणजे देव्हाऱ्यात दिवा बंद. बाटली घेऊन ओट्यावर बसे आणि फुंके. येणारे-जाणारे विचारत, "काय तांडेल, समुद्र उकळताव काय?"

पहिल्या संध्याकाळी तो होडीकडे गेलाच नाही.

दिवस मावळला तसा छातीत कुणीतरी खोकलं. दामू खोकला नव्हता. तोंड मिटलेलं होतं. छातीत, उजवीकडे, खालच्या अंगाला, ओला, घोगरा, अनोळखी नव्हे असा खोकला. आणि ओट्यावर ठेवलेल्या बाटलीत बुडबुडे यायला लागले. नळीला कुणाचं तोंड नव्हतं.

"दामू रे," आवाज म्हणाला. "माझी अर्धी?"

दुसऱ्या संध्याकाळी दामू होडीकडे गेला. त्याने विचार केला होता, आणि त्याच्या मते तो बिनचूक होता. आपण विडी सोडली. पण ही विडी आपली नाही, जानूची. जानूची विडी अर्धी असते. अर्धी करायची तर पहिली अर्धी कुणीतरी ओढलीच पाहिजे. आपण ओढतो ते विडी ओढणं नव्हे, ती अर्धी करणं.

चहाचंही तसंच. आपला चहा फिका. पण जानूला गोड लागे, आठ चमचे घातले तरी "अजून" म्हणायचा. मेलेल्याच्या पुढ्यातलं वाळूत ओतायचं नसतं. मग गार झालेली ती बशी दामू पिऊन टाकी. साखर जानूची. दामूची नव्हे.

अशा तऱ्हेने, एकही पथ्य न मोडता, दामू सगळी पथ्यं मोडत होता.

पंधरवड्याने डॉक्टरीणबाईंनी तपासलं. साखर होती तिथेच, उलट थोडी वर चढलेली. प्रेशरही तसंच. बाईंनी त्याला दवाखान्याचा जिना चढायला लावला. अर्ध्यावर तो कठडा धरून बसला आणि माशासारखा तोंड उघडू-मिटू लागला.

"विडी ओढता?"

"नाय बाय. माजी एक पन नाय."

डोळ्यांत इतका खरेपणा होता की बाई गोंधळल्या. त्यांनी नळी कानाला लावून पाठीवरून फिरवली. उजवीकडे, खाली, त्या थांबल्या. पुन्हा ऐकलं. कपाळाला आठी पडली.

"काका, आत्ता काही बोललात?"

"नाय."

बाईंनी नळी कानातून काढली, झटकली, पुसली आणि विषय बदलला. काशीला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस आहेत. असंच राहिलं तर सर्जन हात लावणार नाहीत. मग मी फक्त खोकल्याचं औषध देऊ शकेन."

काशी बाजारात खोटं नाणं ओळखे तशी नवऱ्याकडे बघत घरी आली. संध्याकाळी तो काठी घेऊन निघाला, ती मागून.

होडीपाशी दामू पाठ करून उभा होता आणि त्याच्या डोक्यावर धूर होता.

"मंजूचे बापा!"

दामूने वळून पाहिलं. विडी लपवलीही नाही. "ओरडू नको गो. ही माजी नाय, जानूची हाय."

"विडी जानूची. आन धूर कोनाचे छातीत गेला?"

 या प्रश्नाचा दामूने विचार केला नव्हता.

"साखर कोनाचे रगतात गेली? मी तिकडे तुज्या भातातलं मीठ मोजून घालते, आन तू हितं मेलेल्याचं जेवन जेवतं?"

"नाय दिली तर तो बोलतो गो. छातीत बोलतो."

काशी हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. तिने नाळेकडे पाहिलं. अर्धी विडी तिथे जळत होती. लाल, मंद, लाल. झाडाचं पान हलत नव्हतं. काशीने पदर डोक्यावरून घेतला. जानू तिच्या माहेरचा, तिला बहीण मानणारा. लग्नात तिची पाटी त्यानेच डोक्यावर आणली होती.

"जानूदादा," ती हळूच म्हणाली, "असं नको करू रे."

विडीचं टोक एकदा जोरात लाल झालं.

*

पाण्यातलं भूत कोरड्यात येत नाही, असं गावातली म्हातारी माणसं सांगतात. काशीने दामूला उचललं आणि बोईसरला मंजुळेकडे नेलं. मंजुळा त्यांची लेक, जावई तिथल्या कारखान्यात. सिमेंटची चाळ, समोर धुराडी, भोंगा वाजला की माणसं आत, भोंगा वाजला की माणसं बाहेर. समुद्र लांब. शेजारी नगरकडची साखरबाई. तिचं नाव ऐकल्यावर दामू म्हणाला, "हिला पन डॉक्टरनी बंद केलीय काय?"

चार दिवस बरे गेले. सुई वेळेवर, जेवण बेताचं. दामू बाटलीत फुंकू लागला आणि बुडबुडे लांबत चालले. अंगठ्याची जखमसुद्धा कडेने कोरडी झाली. संध्याकाळी छातीत नुसती शिट्टी वाजे, आपली स्वतःची.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, भोंगा वाजून गेल्यावर साखरबाई दारात उभी राहिली. "मामा, नळ चालू ठिवला का काय? समदी गॅलरी वली केलीया."

नळाला त्या वेळी पाणीच नसे. गॅलरीत पावलं उमटली होती. जिन्यापासून दारापर्यंत, ओली, अनवाणी, टाचेशी वाळू. आत यायची होती, बाहेर जायची नव्हती. काशीने वाकून बोट लावलं आणि जिभेला टेकवलं. खारं होतं.

आतून बाटली उकळल्यासारखी वाजत होती.

दामू भिंतीला पाठ लावून बसला होता, चेहरा राखेसारखा. खोलीत भरतीचा वास होता, ओल्या दोरखंडाचा, चिखलाचा. आणि आवाज या वेळी काशीलाही ऐकू आला. नवऱ्याच्या मिटलेल्या तोंडातून, बरगड्यांच्या आडून:

"दामू रे. वाट लांब होती. माझी अर्धी?"

दामू रडायला लागला. "देतो रे, देतो. काशे, आन गो एक विडी. मना घुसमटतंय. तो आत बसलाय तवर हवा माज्या वाट्याला येतच नाय."

साखरबाई केव्हाच पळाली होती. काशी उंबऱ्यात उभी राहिली. एकदा नवऱ्याकडे, एकदा त्या पावलांकडे बघितलं. 'वाट्याला' हा शब्द तिच्या डोक्यात मासळी टांगावी तसा टांगला गेला.

"जानूदादा," ती म्हणाली, आणि आवाज आता बहिणीचा नव्हता, बाजारातला होता. "तुजा सोळा वर्सांचा वाटा राहिलाय, बरोबर? रोजची उधारी नको. एकदाच वाटप करून टाकू. गावच्या रीतीनं, वाळूवर. कबूल असंल तर गप बस."

बाटली गप्प झाली.

*

दातिवऱ्यात वाटप कसं होतं ते ज्याला ठाऊक नाही त्याला सांगितलं पाहिजे. होडी आली की मासळीचे ढीग वाळूवर लावतात. भागीदारांपैकी एक जण समुद्राकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्याचा ढीग. कमी असो, जास्त असो, मग तक्रार नाही. पाठमोऱ्याच्या तोंडून निघालेलं नाव देवसुद्धा बदलत नाही, आणि दातिवऱ्यात आजवर या नियमाला कुणी हात लावलेला नाही.

दुसऱ्या सकाळी ते दातिवऱ्याला परतले तेव्हा ओहोटी होती, वर धुकं. वैतरणेचं मुख दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. काशीने होडीच्या पुढ्यात ओल्या वाळूचे तीन ढीग केले. एकात विड्यांचं बंडल पुरलं. एकात सलाईनची बाटली. आणि एकात छातीचा फोटो गुंडाळून घातला, कागदी लिंबासकट.

"काय काय हाय त्यात?" दामूने विचारलं.

"बंडल म्हंजी विडी. ज्याचा तो ढीग, त्याला जन्मभर विडी. बाटली म्हंजी दम. फोटो म्हंजी तुजं अर्धं फुफ्फुस, गाठीसकट. फिर तिकडे."

"आन विडी मना आली तर?"

"तर विडी तुला. मी रडीन, पन अडवणार नाय. वाटप म्हंजी वाटप."

"आन दम त्याला गेला तर?"

काशीने काठी उचलली. 

दामूने समुद्राकडे तोंड केलं. समोर धुकं होतं, आणि धुक्यात, गुडघाभर पाण्यात कुणीतरी उभं होतं. अंगावरून पाणी निथळत होतं, थांबत नव्हतं, जणू पाणी आतूनच येत होतं. तोंड दिसत नव्हतं. हात पुढे केलेला होता, पंजा वर. विडी मागणाऱ्याचा हात. सोळा वर्षांत म्हातारा न झालेला हात.

मागून काठी वाळूत रुतल्याचा आवाज आला.

"हा कोनाचा?"

दामूने "माजा" म्हणायला तोंड उघडलं. छातीतून, त्याच्या जिभेला न विचारता, दुसराच आवाज आला.

"माझा!" जानू म्हणाला. नेहमीचाच उतावळा. पहिला ढीग मोठा असतो अशी त्याची जुनी समजूत.

काशीने श्वास सोडल्याचं दामूला ऐकू आलं. "जानूदादाचा. कबूल. हा कोनाचा?"

दामूची छाती मोकळी होती. क्षणभर, सोळा वर्षांत पहिल्यांदा, ती त्याची एकट्याची होती.

"माजा."

"आन उरला तो माजा," काशी म्हणाली. "वाटप झालं. वळ."

दामू वळला. काशी जानूच्या ढिगापाशी उभी होती आणि वाळूतून फोटोचं टोक बाहेर आलं होतं. दामूच्या ढिगात बाटली होती. विड्यांचं बंडल काशीच्या वाट्याला आलं होतं, आणि तिने ते उचलून सरळ कमरेला खोचलं. ते बंडल पुढे सुके बोंबील भाजायला चूल पेटवताना कामी आलं.

आता गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, देवानेच नावं घेतली. दुसरा म्हणतो, पाठमोऱ्याला काय दिसतं? काशीने काठी आधी कुठल्या ढिगावर ठेवली होती आणि नाव निघाल्यावर कुठल्या ढिगाकडे सरकवली, हे धुक्याला ठाऊक आणि तिला. काशी चाळीस वर्षं वसईच्या बाजारात मासळी विकत होती. जिवंत गिऱ्हाइकांचं तिने जे केलं, ते मेलेल्याचं का करणार नाही?

भरती चढली. पाणी आलं, ढिगावरून फिरलं आणि फोटो घेऊन गेलं. काळा, लकाकता, वळवळत, एखाद्या हलवा माशासारखा तो धुक्याकडे निघाला. पाण्यातला हात मिटला. मिटताना त्यातून आवाज आला, या वेळी छातीतून नव्हे, लांबून:

"हे माझं. कधी देशील?"

"मुंबैला," दामू म्हणाला. "कापतील तवा."

*

"फोटो कुठाय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"समुद्रात," काशी म्हणाली.

"समुद्रात?"

"वाट्यात गेला, बाय."

बाईंनी दुसरा फोटो काढायला लावला. गाठ तिथेच होती, तेवढीच. पण साखर उतरली होती, प्रेशर ताळ्यावर होतं आणि दामू जिना चढून वर आला तेव्हा त्याला बोलायला दम उरला होता. बाईंनी पाठीवर नळी लावली, उजवीकडे, खाली, आणि बराच वेळ ऐकलं.

"आता काय म्हणतो?" दामूने विचारलं.

"कोण?" बाई पटकन म्हणाल्या. मग सावरून, "काही नाही. शांत आहे."

"थांबलाय तो. वाट बगतो."

बाईंनी त्याला ऑपरेशन समजावून सांगितलं. भूल देतील. कुशीवर वळवतील. चीर पाठीच्या बाजूने, बरगड्यांच्या मधून. अर्धं फुफ्फुस काढतील, उरलेलं हळूहळू फुलेल. धोका आहे, साखरवाल्याला जास्त, हे लपवत नाही.

दामूने एवढंच धरून ठेवलं. "म्हंजी पाठमोरा."

"हो. तसंच म्हणा."

तो काशीकडे बघून हसला, आणि काशीने तोंड फिरवलं, कारण तिला रडू येत होतं.

*

मुंबईच्या इस्पितळात दामूला ढकलगाडीवर आत नेताना काशी दाराशी राहिली. तिने त्याच्या बोटांच्या मधल्या काळ्या डागावर अंगठा दाबला आणि सोडला. भाव ठरून गेला होता.

आत थंडी होती. वर मोठा दिवा. तोंडावर रबराचा मुखवटा आला आणि कुणीतरी म्हणालं, "काका, मोठा श्वास घ्या."

रबराच्या वासाखाली ओल्या दोरखंडाचा वास होता.

तो पायाशी उभा होता. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं, फरशीवर सांडत होतं आणि हिरव्या कपड्यातली माणसं त्यातून चालत होती. तोंड आता दिसत होतं. तेच, तरुण, ओठ जरा पुढे काढलेले, विडीची वाट बघणारे. हात पुढे होता. मागच्यासारखा हावरा नव्हता. आपला वाटा न्यायला आलेल्या भागीदाराचा होता.

पण जानूची नजर हातापाशी थांबली नव्हती. ती दामूच्या छातीवर फिरत होती. उजवीकडे, मग डावीकडे. आणखी किती आहे, हे बघत असल्यासारखी.

दामूने डोळे मिटले आणि मनातल्या मनात समुद्राकडे तोंड केलं. हात-पाय जड होत होते. कुणीतरी त्याला कुशीवर वळवत होतं की वाळू सरकत होती, कळत नव्हतं. लांब, दारापलीकडून, की दातिवऱ्याच्या वाळूवरून, काठी रुतल्याचा आवाज आला.

"हा कोनाचा?" काशीचा आवाज.

"जानूचा," दामू म्हणाला.

पाणी फरशीवरून ओसरायला लागलं. ओसरता ओसरता थांबलं.

"आन उरला तो?"

आता फक्त एकच शब्द म्हणायचा होता, माजा. पण त्यासाठी दम हवा होता, आणि समोरचा तो हात अजून मिटलेला नव्हता. दामूने धुक्यात हरवलेल्या होड्यांसाठी घ्यायचा तसा, पोटाच्या तळापासून, श्वास घेतला.